आत्या पोचायच्या आधी

फोन सात वेळा वाजून गेला आणि मला एकदाही ऐकू आला नाही. टोरांटोजवळच्या माझ्या भाड्याच्या घरासमोर सकाळी सात वाजता मी स्नो ब्लोअर फिरवत होतो. रात्री वीतभर बर्फ पडला होता, कानांवर जाड मफ होते, आणि विजेवर चालणारं असलं तरी ते यंत्र पिठाच्या गिरणीइतका आवाज करतं. काम संपवलं, वायर गुंडाळली, आत येऊन चहाचं आधण ठेवलं आणि मग फोन पाहिला. सातही कॉल सिंगापूरहून, मुग्धाचे. माझ्या या आतेबहिणीला एवढ्या वेळा फोन करायची सवय नाही. ती एक मेसेज टाकते आणि मी आठवड्यानं उत्तर दिलं तरी रागावत नाही. मी फोन लावला. पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "दादा, आई गेली. भाजी निवडत होती... जस्ट लाइक दॅट."

नऊच दिवसांपूर्वी आत्या माझ्याकडून सिंगापूरला परत गेली होती. मला रडू आलं नाही. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. नुकतंच साफ केलेलं काळं अंगण दिसत होतं आणि मला नऊ दिवसांपूर्वीची दुपार आठवली. ती निघाली त्या दुपारी मी आत्याशी खोटं बोललो होतो. मधल्या नऊ दिवसांत आमचं तीन-चारदा बोलणं झालं, ते खोटं दुरुस्त करायला मला भरपूर वेळ होता, आणि मी तो विषय काढला नाही. तिनंही काढला नाही. ती गेल्याला आता पाच आठवडे झालेत. लोक विचारतात, आत्याबद्दल लिही ना काहीतरी, तुला तर तिनं मुलासारखं वाढवलं. लिहायला बसलं की आधी ती दुपार येते, आणि बाकीचं सगळं तिच्या मागे रांगेत उभं राहतं.

मी चोविसाव्या वर्षी पुण्याहून सिंगापूरला आलो तेव्हा सेम्बावांगमधल्या तिच्या फ्लॅटवर उतरलो, दोन महिन्यांसाठी म्हणून, आणि सहा वर्षं राहिलो. काका जहाजांच्या गोदीत इलेक्ट्रिकल फोरमन होते. ते पहाटेच कामावर जायचे आणि त्यांच्या मागोमाग मीही. मुग्धा तेव्हा अकरा वर्षांची होती. "आयत्या बिळावर नागोबा" असं काका मला सगळ्यांसमोर म्हणायचे आणि आत्या त्यांना डोळे मोठे करून दाखवायची. तिनं मला भात किती शिजवायचा इथपासून लिफ्टमध्ये शेजाऱ्यांशी काय बोलायचं इथपर्यंत सगळं शिकवलं. माझ्या लग्नाचा विषय मात्र तिला शेवटपर्यंत मार्गी लावता आला नाही, आणि त्याचं तिला वाईट वाटण्यापेक्षा आश्चर्य जास्त वाटायचं.

तिचं खरं राज्य फ्लॅटमध्ये नव्हतं. ते होतं बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये. रोज सकाळी आठ वाजता ती हातात खराटा घेऊन दाराबाहेर यायची आणि स्वतःच्या दारापासून लिफ्टपर्यंत सगळा पट्टा झाडून काढायची. सफाईवाले येतातच की, असं मी म्हणालो तर म्हणायची, "ते त्यांचं काम करतात, मी माझं." शेजारची चिनी आजी सुरुवातीला हे संशयानं पाहायची. नंतर तिनं आपल्या कुंड्या झाडायच्या वेळी बाजूला सरकवून ठेवायला सुरुवात केली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि अडतीस वर्षं त्यांचं काही अडलं नाही.

या झाडण्याला एकच नियम होता. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते मुक्कामी पोचल्याचं कळेपर्यंत घरात झाडू फिरवायचा नाही. बऱ्याच घरांत माणूस बाहेर पडल्यावर घटकाभर केर काढत नाहीत; आत्याकडे मात्र तो नियम पार विमानाचं चाक टेकेपर्यंत लांबला होता. मी पहिल्यांदा सुट्टीवर पुण्याला गेलो तेव्हा पोचल्याचा फोन करायला विसरलो. तिसऱ्या दिवशी फोन केला तर मुग्धानंच उचलला आणि किंचाळली, "दादा! घर सो डर्टी ऑलरेडी! आई झाडूच देत नाही!" मी खूप हसलो. परत आल्यावर आत्याला चिडवलं, की तू एवढी शिकलेली बाई आणि हे काय खूळ. ती शांतपणे म्हणाली, "मागून लगेच केर काढतात तो मयताच्या मागे. जिवंत माणसाच्या मागे काढू नये. तुला हसायचं तर हस, पण माझ्यासाठी पाळ." मी हो म्हणालो. काका गेल्यानंतर तिचा हा नियम आणखी कडक झाला. मी सिंगापूरमध्येच बुकित तिमाहला वेगळं बिऱ्हाड केलं तरी, परगावी जाताना आणि पोचल्यावर तिला कळवणं माझ्या अंगवळणी पडलं होतं.

दोन वर्षांपूर्वी कंपनीनं मला कॅनडाला पाठवलं. पहिला हिवाळा मी फावडं आणि कंबरदुखी यांच्यात काढला. दुसऱ्या हिवाळ्याआधी एक विजेवर चालणारा स्नो ब्लोअर घेतला. पेट्रोलचं मोठं धूड मला झेपलं नसतं. याच जानेवारीत आत्या माझ्याकडे तीन आठवडे राहायला आली. बहात्तर वर्षांची बाई, आयुष्यात बर्फ पाहिला तो फक्त फ्रीझरमधला. मला वाटलं, खिडकीत बसेल, दोन फोटो काढेल आणि तिसऱ्या दिवशी थंडीला नावं ठेवेल. दुसऱ्याच सकाळी माझा जुना कोट, त्यावर शाल आणि डोक्याला माकडटोपी अशा अवतारात ती गॅरेजमध्ये येऊन उभी राहिली. "मला दाखव," म्हणाली.

मी दाखवलं. आधी वायर खांद्यावरून मागे टाकायची, म्हणजे यंत्राच्या तोंडात जात नाही. मग बटण दाबून धरायचं आणि त्याच वेळी दांड्याची पट्टी ओढायची, तेव्हाच आतली फिरकी चालू होते. वरची सोंड वाऱ्याच्या दिशेनं वळवायची, नाहीतर सगळा बर्फ आपल्याच तोंडावर. प्लगच्या बाजूनं सुरुवात करून रस्त्याकडे जायचं. ओला बर्फ सोंडेत अडकला तर हात घालायचा नाही, आधी प्लग काढायचा आणि मग काठीनं मोकळा करायचा. आत्या हे सगळं मान हलवत ऐकत होती. फोरमनची बायको ती. विजेच्या वस्तूशी कसं वागायचं ते तिला माझ्यापेक्षा बरं कळत होतं. पाचव्या मिनिटाला तिनं माझ्या हातातून दांडा काढून घेतला.

त्यानंतरचे तीन आठवडे ते यंत्र माझं राहिलं नाही. रात्री बर्फ पडला की सकाळी ती खूश. आधी कडा घ्यायच्या, मग मध्ये सरळ पट्टे ओढायचे, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर चार बोटं चढवायचा. पालिकेचा बर्फ सारणारा नांगर रस्ता साफ करताना आपल्या अंगणाच्या तोंडाशी बर्फाचा बांध घालून जायचा, त्याचा तिला मनापासून राग यायचा. "आपण केर काढायचा आणि यांनी दारात आणून टाकायचा!" म्हणत ती तो बांध फोडायची आणि मग शेजाऱ्याच्या दारापर्यंत वायर पुरेल तितकं साफ करायची. तो शेजारी एकदा बाहेर येऊन तिला हात जोडून नमस्कार करून गेला. कुठे शिकला होता कोण जाणे. आणि मी... मी खिडकीत चहा घेऊन उभा राहायचो आणि उंटावरून शेळ्या हाकायचो. डावीकडे राहिलंय बघ. वायर सांभाळ. तिला काचेतून ऐकूही जायचं नाही.

आता जे सांगायचं ते माझ्याबद्दल फार बरं नाही. तिसऱ्या आठवड्यात मी कंटाळलो होतो. मी एकटा राहणारा माणूस. स्वयंपाकघरात डब्यांच्या जागा बदललेल्या, बाथरूममध्ये तिची बादली, टीव्हीचा आवाज मोठा, आणि माझं अंगणसुद्धा माझ्या हाती नाही. माया होती, आहे, पण माया असली तरी पाहुणा जायचा दिवस माणूस मोजतो. तिची संध्याकाळची फ्लाइट होती आणि मला सोडायला जाता आलं असतं. मी ऑफिसच्या कॉलचं कारण सांगितलं आणि टॅक्सी बोलावली.

त्या दिवशी सकाळपासून भुरभुरत होतं. दुपारपर्यंत चांगला टाचभर थर साचला. आत्या यंत्राकडे गेली नाही. मी आत जाऊन आणतो म्हणालो तर तिनं माझा हात धरला. "आज नको. आज मी निघणार. मी घरी पोचल्याचा फोन केला की मग फिरव. तोवर तसंच राहू दे." मी म्हणालो, "अगं, हा केर थोडाच आहे? हा बर्फ आहे." "अंगणातून जे काढायचं ते केरच," ती म्हणाली. मी हो म्हणालो. तिला वाकून नमस्कार केला, तिनं पाठीवर हात फिरवला. मग ती टॅक्सीपर्यंत एकेक पाऊल जपून टाकत गेली. बुटांचे छोटे छोटे ठसे आणि बाजूला बॅगेच्या चाकांच्या दोन रेघा. टॅक्सीच्या काचेतून तिनं हात हलवला. टॅक्सी वळली.

आणि मी गॅरेज उघडलं.

कारणं मी नंतर पुष्कळ जमवली. रात्री ते गोठलं असतं, पोस्टमन घसरला असता, फुटपाथ वेळेत साफ केला नाही तर पालिकेची नोटीस येते. सगळी खरी आहेत. पण त्या वेळी यातलं एकही माझ्या डोक्यात नव्हतं. मला माझं अंगण परत हवं होतं, काळं, स्वच्छ, माझ्या पद्धतीनं साफ केलेलं, एवढंच. मी प्लग लावला आणि दारापासून सुरुवात केली. तिच्या ठशांवरून यंत्र गेलं तेव्हा सोंडेतून उडालेला बर्फ कुंपणापाशी पडला, आणि त्यात ठसा कुठला आणि साधा बर्फ कुठला हे अर्थातच कळत नव्हतं.

विमानतळावरून तिचा फोन आला. आत जाऊन बसले, म्हणाली. चहा महाग आहे, म्हणाली. मग म्हणाली, "यंत्र फिरवलंस का रे?"

"नाही गं आत्या," मी म्हणालो. "तू पोचल्यावरच."

मग म्हणाली, "बरं. हातमोजे वाळत घाल. ओले तसेच ठेवू नकोस."

तिच्या सूचनांची मला सवय होती. मी त्यावर विचार केला नाही.

मी सिंगापूरला पोचेपर्यंत त्यांनी तिला दोन दिवस ठेवलं होतं. सेम्बावांगच्या त्या हॉलमध्ये सोफा भिंतीला लावला होता आणि मध्ये ती होती, चेहऱ्यावर नेहमीची किंचित आठी. खाली व्हॉइड डेकवर, इमारतीच्या तळच्या मोकळ्या जागेत, लोक थांबले होते. दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की एवढ्या थंडीत कशाला नेलंत त्यांना, आणि म्हणे बर्फ काढायला लावायचात? डॉक्टरांनी मुग्धाला स्पष्ट सांगितलं होतं की त्याचा काही संबंध नाही, हृदयाचं जुनंच दुखणं होतं. मी ते त्यांना सांगितलं. पण माझ्या मनाला बर्फ काढण्याचं काहीच वाटत नव्हतं. ती मजेत काढायची. मला तिनं न काढलेल्या बर्फाचं वाटत होतं.

दहाला तिला खाली नेलं. मी मागे राहिलो होतो, चपला शोधत. शेजारच्या ब्लॉकमधल्या कुलकर्णीकाकू घरी थांबणार होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अभय, लिफ्ट गेली की मी घर झाडून घेते. खराटा कुठाय रे यांचा?" मी सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात सोफ्याखालून टुंग असा आवाज आला. मुग्धानं दोन वर्षांपूर्वी घेतलेला तो झाडूचा रोबो. रोज दहाला सुरू व्हायची वेळ त्यात लावलेली होती, आणि त्या गडबडीत ती बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तो दिवा लावून बाहेर आला, फुलांच्या पाकळ्यांवरून गेला आणि जिथे मघापर्यंत आत्या होती त्या जागेवर गोल गोल फिरायला लागला. काकूंनी तोंडाला पदर लावला. मी तिथेच उभा राहिलो. मला तो आवाज ओळखीचा वाटत होता, स्नो ब्लोअरसारखा. गेल्या पाच आठवड्यांत तो मला कुठेही येतो, समोरच्या ब्लॉकमधल्या एसीत, एमआरटी मेट्रोच्या बोगद्यात, भर दुपारी हॉकर सेंटरमधल्या, खाण्याच्या गाळ्यांवरच्या पंख्यात. मी मान वर करतो आणि पांढरं काही नसतं.

तेव्हा तिथे उभं असताना मला एकच कळलं, की हे काम मी आधीच करून ठेवलं होतं. मयताच्या मागे जे करतात ते मी ती जिवंत असताना, हसत हात हलवत गेली असताना केलं होतं. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. आजही नाही. पण विश्वास नसून सुटका होत नाही, हे मला त्या हॉलमध्ये समजलं.

मी इथल्याच, सिंगापूरच्या ऑफिसातून काम करायची परवानगी घेतली आणि राहिलो. तिसऱ्या आठवड्यात मुग्धा फ्रेमसाठी फोटो शोधत आत्याचा फोन चाळत होती. मला हाक मारून म्हणाली, "दादा, धिस इज यू, राइट?" माझ्या कॅनडाच्या दाराच्या घंटीत कॅमेरा आहे. ती निघण्यापूर्वी मीच त्याचं ॲप आत्याच्या फोनमध्ये घालून दिलं होतं, सेम्बावांगच्या उकाड्यात बसून तिला बर्फ बघता यावा म्हणून, आणि साफ विसरलो होतो. समोर कुणी हललं की फोनवर सूचना जाते. मुग्धाच्या हातातल्या त्या चित्रफितीत टॅक्सी वळते. अकरा मिनिटं जातात, म्हणजे ती अजून टॅक्सीतच असेल. मग गॅरेजचं दार वर जातं आणि मी यंत्र घेऊन बाहेर येतो. सरळ पट्टे, प्रत्येक पट्टा आधीच्यावर चार बोटं. शेवटी मी दारापाशी येतो, ओले हातमोजे काढून चौकटीवर आपटतो, माझं तोंड पडदाभर मोठं होतं. माझ्या चेहऱ्यावर समाधान आहे.

"शी सेव्ह्ड धिस वन ओन्ली," मुग्धा म्हणाली. "बाकी नो व्हिडिओ."

मी तिला सगळं सांगितलं. फोनवर आत्यानं काय विचारलं, मी काय म्हणालो, आणि हातमोज्यांचं. शेवटी म्हणालो, "तिला माहीत होतं मुग्धा. सगळं दिसत होतं. मग मला विचारलं कशाला?"

मुग्धा इथेच वाढलेली. रीतिरिवाजांबद्दल तिला फारसं काही वाटत नाही. ती फोनकडे बघत म्हणाली, "टू गिव्ह यू चान्स, लाह."

त्यानंतर आम्ही दोघंही यावर बोललो नाही. मी रोज तो प्रश्न ऐकतो, यंत्र फिरवलंस का रे, आणि रोज मनातल्या मनात खरं सांगतो. फिरवलं आत्या. अकरा मिनिटांत फिरवलं. मी तुझ्या जाण्याची वाट बघत होतो. चूक झाली. एवढंच म्हणायचं होतं. तिनं मला शिव्या घातल्या असत्या आणि दुसऱ्या मिनिटाला विसरून गेली असती. ते वाक्य आता घेणारं कुणी नाही.

उद्या सकाळी मी परत निघतोय. हे लिहितोय ते आत्याच्याच हॉलमध्ये बसून, बॅग भरून दाराशी ठेवली आहे. मघाशी मुग्धा आली, कोपऱ्यातल्या रोबोचा प्लग काढला, त्याला उचललं आणि कपाटावर उलटा करून ठेवला. मग म्हणाली, "तुझी फ्लाइट किती लाँग? टू डेज ऑलमोस्ट, विथ ट्रान्झिट. ओके. तोवर नो स्वीपिंग." मी म्हणालो, तू कुठे हे मानतेस. तिनं खांदे उडवले. मग माझ्या बॅगेचा पट्टा उगाच घट्ट केला, आणि तिच्या मोडक्या मराठीत, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "तू लँड झाला की मला फोन कर. मला विचार, घर झाडलं का. मी खरं सांगेन."